हवा गेल्यानंतरचा एक तास

बैलगाडीच्या चाकाला लोहार जी लोखंडी धाव चढवतो, तिला पंक्चर ठाऊक नसते. ती झिजते, सैल होते, क्वचित तुटतेही. परंतु वाटेत खिळा रुतला आणि गाडी जागच्या जागी बसली, असे तिच्या बाबतीत कधी घडत नाही. मोटारीच्या रबरी टायरची गोष्ट निराळी आहे. त्याचे सारे बळ त्याच्या पोटातील हवेत असते. ही हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि ती जागेवर आहे तोवर तिची आठवणही होत नाही. ती निघून गेली म्हणजे मात्र हजार-बाराशे किलो वजनाचे यंत्र बोटभर लांबीच्या खिळ्यापुढे हतबल होते.

हवा गेल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. त्याची दोन प्रमुख उत्तरे आज प्रचारात आहेत. गाडीत आणखी एक चाक बाळगावे, हे पहिले उत्तर. हवा गेल्यावरही काही अंतर धावू शकेल असा टायर वापरावा, हे दुसरे. अशा टायरला रन-फ्लॅट टायर म्हणतात. छोटी मोटार बाळगणाऱ्याने या दोहोंतून निवड कशी करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपण 'मिनी' ही मोटार घेऊ. सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही इवलीशी ब्रिटिश मोटार १९५९ मध्ये प्रथम विक्रीस आली. रन-फ्लॅट टायरच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे प्रयोग याच नावाच्या मोटारींवर झाले. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्या आधारे नीट पाहता येतील.

भार कोण पेलतो?

मोटारीचा भार टायर पेलतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो भार मुख्यतः हवा पेलते. रबर, कापडी धागे आणि पोलादी तारा यांचा बनलेला टायर म्हणजे ती हवा कोंडून ठेवणारी लवचीक पिशवी होय. एक सोपा हिशेब करून पाहू. गाडीचे वजन १२०० किलो असेल आणि ते चारी चाकांवर सारखे वाटले गेले आहे असे मानले, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो असतो. तीनशेला सव्वादोनाने भागले असता १३३ येतात. याचा अर्थ, टायरचा सुमारे १३३ चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे साधारणपणे माणसाच्या पंजाएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. अशा चार पंजांवर सारी मोटार धावते, वळते आणि थांबते.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये पेटंट घेऊन नोंदवली होती. परंतु ती काळाच्या पुढे असल्याने विस्मृतीत गेली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला आणि तो पाहता पाहता जगभर पसरला. चाकाचे धक्के कमी व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण हवेचा टायर जन्मला तो सुखासाठी, आणि पंक्चर ही त्या सुखाची किंमत होय. फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली, तेव्हा वाटेतील पंक्चरांनी त्यांना पुरते हैराण केले. तरीही पुढच्या काळात भरीव रबराची चाके मागे पडली आणि हवेची चाके राहिली. अधूनमधून होणाऱ्या खोळंब्यापेक्षा रोजचे सुख माणसाला अधिक मोलाचे वाटले, असाच याचा अर्थ आहे.

स्टेपनीचा जन्म

आरंभीच्या मोटारींत जादा चाक नसे. पंक्चर झाले की चालकाने रस्त्यातच टायर उतरवावा, ट्यूब काढून ठिगळ लावावे, पंपाने हवा भरावी आणि मग पुढे निघावे, असा शिरस्ता होता. वेल्समधील लानेली या गावी १९०४ मध्ये टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी यावर तोडगा शोधला. आरे नसलेल्या गोल रिमवर हवा भरलेला टायर चढवून ते कडे पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडीने अडकवावयाचे, अशी ती योजना होती. या कारखान्याचे नाव तेथील स्टेपनी रस्त्यावरून पडले होते. मूळ वस्तू केव्हाच नाहीशी झाली. परंतु भारतात मराठीपासून बंगालीपर्यंत अनेक भाषांत जादा चाकाला आजही स्टेपनी असेच म्हणतात.

स्टेपनीचा गुण असा की चाक बदलले की प्रवास पूर्ववत सुरू होतो. तिचे दोषही उघड आहेत. ती जागा व्यापते, आणि छोट्या मोटारीत जागेचाच तुटवडा असतो. क्वचितच लागणारे ते वजन गाडी जन्मभर वाहत राहते. चाक बदलण्यासाठी जॅक, पाना, पुरेशी शक्ती आणि थोडी सपाट जमीन लागते. या सर्व गोष्टी वृद्ध वा आजारी चालकाला ऐन वेळी उपलब्ध असतीलच असे नाही. सर्वांत गंभीर दोष असा, की चाक बदलणारा माणूस वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या अगदी लगत, बहुधा त्यांच्याकडे पाठ करून, खाली बसलेला असतो. रात्री, पावसात किंवा घाटात हे काम जिवावर बेतू शकते. रन-फ्लॅट टायरचा खरा उगम या भयात आहे.

पहिला प्रयोग: १९७४ ची मिनी

डनलॉप कंपनीने १९७० नंतरच्या काही वर्षांत 'डेनोव्हो' नावाचा टायर पुढे आणला, आणि १९७४ पासून तो 'मिनी १२७५ जीटी' या मोटारीवर ग्राहकाच्या इच्छेनुसार मिळू लागला. त्याची रचना कल्पक होती. साध्या रिमला मधोमध खोलगट घळ असते आणि हवा गेली की टायरची कड घसरून त्या घळीत पडते. डेनोव्होची रिम अशा प्रकारे घडवली होती की कड जागची हलू नये. टायरच्या आत वंगणाच्या लहान कुप्या बसवलेल्या असत. हवा जाऊन टायर चेपला की या कुप्या फुटत, वंगण आतल्या पृष्ठभागावर पसरे, घर्षण व उष्णता कमी होई आणि छिद्र बुजण्यासही मदत होई. पंक्चर झाल्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे १६० किलोमीटर जाता येईल, असा हिशेब मांडला गेला होता.

एवढे असूनही हा टायर रुजला नाही. मिनी १२७५ जीटीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले आणि डेनोव्होही मागे पडला. त्याला वेगळीच रिम लागे. साधा टायर त्या रिमवर बसत नसे. त्यामुळे टायर झिजल्यावर त्याच जातीचा दुसरा टायर मिळवणे भाग होते, आणि तो मिळेनासा झाल्यावर चाकेच बदलण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. या प्रयोगाने जो धडा दिला तो आजही लागू आहे: टायर कितीही उत्तम असला तरी तो ज्या गावी बदलून मिळत नाही, त्या गावी त्याचा उपयोग अर्धाच होय.

दुसरा प्रयोग: जाड भिंतीचा टायर

पुढील पिढीने अधिक सरळ मार्ग धरला. वेगळी रिम, कुप्या आणि वंगण यांच्याऐवजी टायरच्या बाजूच्या भिंतीच जाड व ताठ केल्या. त्यांच्या आत उष्णता सोसणाऱ्या कठीण रबराचा थर घातला. हवा असेपर्यंत हा थर फारसे काम करीत नाही. हवा गेली की तोच खांबासारखा उभा राहतो आणि गाडीचा भार घेतो. गुडइयर कंपनीचे या प्रकारचे टायर १९९४ मध्ये अमेरिकेतील शेवरोले कॉर्व्हेट या मोटारीवर ऐच्छिक म्हणून मिळू लागले. मिनीने बीएमडब्ल्यूच्या मालकीखाली २००१ मध्ये नवा अवतार घेतला, तेव्हा तिच्यातील अधिक शक्तिमान अशा 'कूपर एस' या प्रकारावर असे टायर मूळचेच बसवलेले येऊ लागले. त्या मोटारीत बॅटरी मागील सामानकप्प्यात हलवली होती आणि धूर सोडणाऱ्या नळ्या मागे मधोमध आणल्या होत्या. स्टेपनीसाठी जागाच उरली नव्हती. रन-फ्लॅट टायरने तो प्रश्न परस्पर सोडवला. भारतात मिनी २०१२ मध्ये विक्रीस आली.

आता या टायरची मर्यादा कोठून येते ते पाहू. बहुतेक उत्पादक हवा पूर्णपणे गेल्यानंतर ताशी ८० किलोमीटरांपेक्षा जास्त नसलेल्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाण्याची मुभा देतात. हे आकडे मनास येतील तसे ठरवलेले नाहीत. नव्या मिनीवरील १९५/५५ आर १६ या मापाचा टायर घेऊ. यातील १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. भिंतीची उंची या रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. आर हे रेडियल रचनेचे चिन्ह, आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर व परीघ १९५ सेंटिमीटर येतो. ८० किलोमीटर जाताना असे चाक सुमारे ४१,००० वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकून पुन्हा सरळ होतो. रबर वाकले की तापते. तार पुन्हा पुन्हा वाकवली असता बोटांना ऊब लागते, तसाच हा प्रकार आहे. ही उष्णता साठत साठत अखेर रबर आणि धागे यांचा सांधा सोडवते. गाडीत पाच माणसे आणि सामान असेल, ऊन कडक असेल किंवा वेग अधिक असेल, तर हा शेवट लवकर येतो.

म्हणजेच, रन-फ्लॅट टायर पंक्चर टाळत नाही. खिळा त्यालाही तितक्याच सहजपणे टोचतो. तो टायर आपल्याला फक्त एक तास देतो: ताशी ८० च्या गतीने ८० किलोमीटर. कोठे थांबावयाचे हे त्या तासात खिळा ठरवीत नाही, चालक ठरवतो. वेगात असताना एकाएकी हवा गेली तरी टायर रिमवर टिकून राहतो आणि चाकावरील ताबा बव्हंशी शाबूत राहतो, हा त्याचा दुसरा मोठा लाभ होय. मात्र धारदार दगडाने भिंतच फाटली किंवा रिम मोडली, तर हा तास मिळेलच याची शाश्वती नाही.

येथे एका आवश्यक जोडसाधनाचा उल्लेख केला पाहिजे. साध्या टायरची हवा गेली की तो चेपलेला दिसतो आणि गाडी एका बाजूस ओढते. रन-फ्लॅट टायर मात्र हवा गेल्यावरही जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. चालकाला काहीच न कळता तो शेकडो किलोमीटर जाऊ पाहील आणि टायर अचानक निकामी होईल, हा धोका त्यात असतो. म्हणून हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा गाडीत असल्याखेरीज असे टायर कदापि बसवू नयेत. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाब मोजणारे साधन असते; काहींत चारी चाकांच्या फेऱ्यांची तुलना केली जाते. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा थोडे जलद फिरते, आणि एवढ्यावरून दिवा लागतो.

तासाची रोज द्यावी लागणारी किंमत

हा एक तास वर्षातून एखाद्या वेळी कामास येईल. कदाचित टायरच्या आयुष्यात एकदाही येणार नाही. त्याचे मोल मात्र रोज मोजावे लागते.

पहिले मोल सुखाचे. ताठ भिंत खड्ड्याचा धक्का साध्या भिंतीइतका गिळू शकत नाही. तो पुढे स्प्रिंगकडे आणि तेथून बैठकीकडे जातो. छोट्या मोटारीत हे अधिक जाणवते. मूळ मिनीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर अवघे दोन मीटरांच्या आसपास होते. नव्या मिनीतही ते सुमारे २.४७ मीटर होते. अंतर जितके थोडे, तितकी गाडी उंचवट्यावर पुढेमागे अधिक डुलते. त्यातच दिमाखासाठी मोठी रिम घेतली तर भिंत आणखी आखूड होते. २०५/४५ आर १७ या मापात भिंतीची उंची १०७ वरून ९२ मिलिमीटरांवर येते. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो. धातू वाढतो आणि रबर घटते. आखूड आणि ताठ अशी दुहेरी भिंत असेल, तर खड्ड्यातील आघात रिमपर्यंत पोहोचतो आणि रिम वाकण्याची वा तडकण्याची भीती वाढते.

दुसरे मोल वजनाचे. जादा रबरामुळे प्रत्येक टायर जड होतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्याने चाकाला रस्त्याच्या चढउतारांशी जुळवून घेणे अवघड जाते. स्टेपनी काढल्याने वाचलेल्या वजनाचा काही भाग अशा रीतीने चारी चाकांत परत येतो.

तिसरे मोल पैशाचे व दुरुस्तीचे. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा रन-फ्लॅट टायर महाग असतो. तो रिमवर चढवण्यास जादा दाबदांडे असलेले यंत्र लागते. पहारीने तो उतरवू गेल्यास कड दुखावते. दुरुस्तीबाबत तर विशेष सावधगिरी हवी. साध्या ट्यूबलेस टायरच्या तळाशी खिळा घुसला, तर छिद्र सुमारे ६ मिलिमीटरांपर्यंत असल्यास ते आतून बाहेरून तपासून नीट बुजवता येते. रन-फ्लॅट टायर हवेविना काही अंतर धावला असेल, तर त्याच्या भिंतीच्या आत काय मोडले आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक उत्पादक अशा टायरची दुरुस्ती न करता तो बदलण्यास सांगतात. भारतात जवळजवळ प्रत्येक हमरस्त्यावर पंक्चर काढणारा भेटतो, आणि छिद्रात रबरी पट्टी ठोसून तो दहा मिनिटांत गाडी वाटेला लावतो. ही आपल्याकडील मोठीच सोय आहे; रन-फ्लॅट टायर घेणारा तिचा बराचसा लाभ गमावतो.

एकच टायर, दोन रस्ते

आता दोन प्रसंगांची कल्पना करू. पहिल्यात एक स्त्री आपल्या वृद्ध आईसह रात्री अकरा वाजता मुंबईहून पुण्याला निघाली आहे. खंडाळ्याच्या घाटात पाऊस कोसळतो आहे, मागून मालमोटारींची रांग आहे, आणि दाबाचा दिवा लागतो. २००२ मध्ये पूर्ण झालेला हा द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा आहे. घाटातून त्याचे कोणतेही टोक ८० किलोमीटरांच्या आत येते. तिच्या गाडीला रन-फ्लॅट टायर असतील तर ती वेग कमी करील, डावी बाजू धरील आणि उजेडाच्या, माणसांच्या जागी जाऊन थांबेल. बहुधा पुण्यापर्यंतही पोहोचेल. साधे टायर असतील तर तिला त्या अंधाऱ्या कडेला उतरून जॅक लावावा लागेल, किंवा मदतीची वाट पाहत बसावे लागेल. येथे तो एक तास अमोल आहे.

दुसऱ्या प्रसंगात एक कुटुंब बिकानेरहून जैसलमेरला चालले आहे. हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. भर दुपारी, मध्यावर, तसाच दिवा लागतो. गाडी भरलेली आहे, रस्ता तापलेला आहे. रन-फ्लॅट टायर त्यांना कदाचित एखाद्या तालुक्याच्या गावापर्यंत नेईल. तेथे पंक्चर काढणारा असेल. परंतु त्या मापाचा, त्या जातीचा टायर आणि तो चढवण्याचे यंत्र असण्याचा संभव अल्प आहे. प्रवास तेथेच थांबेल, आणि टायर मोठ्या शहरातून येईपर्यंत थांबूनच राहील. त्यांच्याजवळ साधे टायर व पुऱ्या मापाची स्टेपनी असती, तर भर दिवसा, मोकळ्या रस्त्याकडेला, अर्ध्या तासात चाक बदलून ते निघाले असते.

टायर दोन्हीकडे तोच. निराळे आहेत ते रस्ते आणि माणसे. यावरून निवडीची खरी कसोटी लक्षात येते. कोणता टायर अधिक चांगला, असे विचारू नये. माझ्या नेहमीच्या रस्त्यांवर ८० किलोमीटरांच्या आत काय आहे, आणि तेथवर पोहोचण्याचे मोल मला किती, असे विचारावे.

निवड करताना

ही कसोटी व्यवहारात आणण्यासाठी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

पहिला प्रश्न: गाडी बहुतांशी कोठे धावते? शहरात आणि मोठ्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान मार्गांवर धावत असेल, तर रन-फ्लॅटच्या बाजूने बळ येते. खडबडीत, दूरवरच्या आणि तुरळक वस्तीच्या रस्त्यांवर धावत असेल, तर साधा टायर व स्टेपनी हीच जोडी श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न: गाडी कोण चालवते? चाक बदलण्याची ताकद किंवा सवय नसलेली व्यक्ती रात्री-अपरात्री एकटी प्रवास करीत असेल, तर जादा खर्च आणि थोडे धक्के सोसूनही रन-फ्लॅट घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा प्रश्न: गाडीची रचना कशी आहे? जी मोटार मूळचीच रन-फ्लॅटसाठी बनवली आहे तिच्या रिमवर टायरची कड अडवून धरणारा विशिष्ट उंचवटा असतो आणि तिच्या स्प्रिंगाही तो टायर गृहीत धरून बसवलेल्या असतात. अशा गाडीला साधे टायर लावता येतात व त्यामुळे ती मऊही चालते; पण तिच्यात स्टेपनी नसते, हे विसरता कामा नये. याउलट, साध्या टायरसाठी बनवलेल्या गाडीला हौसेने रन-फ्लॅट लावणे सहसा इष्ट नव्हे.

चौथा प्रश्न: साधे टायर घेतल्यास पंक्चरची सोय काय? पुऱ्या मापाची स्टेपनी हे सर्वोत्तम. जागा कमी असल्यास अरुंद तात्पुरते चाक चालते; त्यावर सामान्यतः ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा असते आणि त्यात हवेचा दाब दर चौरस इंचास ६० पौंड लागतो. तेही मावत नसेल, तर गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप आणि छिद्र बुजवणारा द्रव बाळगावा. तळातील लहान छिद्रास हा उपाय पुरतो. फाटलेल्या भिंतीपुढे तो निरुपयोगी होय. भारत सरकारने जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला. त्यानुसार ट्यूबलेस टायर, दाब दर्शविणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीच्या सक्तीतून सूट देण्यात आली. परंतु कायद्याची सूट म्हणजे रस्त्याची सूट नव्हे; दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने स्टेपनीचा विचार स्वतः करावा.

निर्णय कोणताही झाला तरी काही पथ्ये सर्वांस सारखी आहेत. रन-फ्लॅट व साधे टायर एकाच गाडीवर मिसळू नयेत. वळताना आणि ब्रेक लावताना ते निरनिराळे वागतात. टायरवर मापापुढे छापलेला भारांक व वेगाक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी नसावे. उदाहरणार्थ, ८७ व्ही याचा अर्थ प्रत्येक टायरला ५४५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग सोसेल असा आहे. टायरवरील चार आकडी खूण पाहून घ्यावी: २३२४ असे असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरांवर आली की टायर बदललाच पाहिजे.

आणि अखेरचे पथ्य सर्वांत सोपे व सर्वांत दुर्लक्षित आहे. महिन्यातून एकदा, गाडी काही तास उभी राहून टायर थंड झाले असता, चारी चाकांतील हवा मोजावी. स्टेपनी असल्यास तिचीही मोजावी. कमी हवेवर धावणारा टायर पंक्चर न होताही वाकतो, तापतो आणि आतून झिजतो. रन-फ्लॅट टायर ज्या कारणाने ८० किलोमीटरांनंतर निकामी होतो, तेच कारण साध्या टायरमध्ये हळूहळू, महिनोन् महिने काम करीत असते. ऐन वेळी काढलेल्या स्टेपनीतही हवा नाही असे आढळणे, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. निवड वर्षातून एकदा करावी लागते. निगा मात्र दर महिन्याची आहे.